चाखणं म्हंजे खाणं न्हाई

निखारा खाजा मियाच्या चपलेत पडला, तवा ते डोंगरकडा गावच्या एका लग्नात बिर्याणीच्या तिसऱ्या देगीचं तोंड कणकेनं लिंपून राहिले व्हते. त्यांना काही कळलंच न्हाई. उलट नाक वर करून ते भाच्याला म्हणले, "मुबश्शीर, कायतरी जळून राहिलं रे. कांदा बघ."

मुबश्शीरनं कांदा बघितला. कांदा बराबर व्हता. मग त्यानं खाली बघितलं अन् बोंबललाच, "मामू, पाय! तुमचा पाय!"

डाव्या पायाचा आंगठा चपलेच्या पट्ट्यासंगं भाजून निघाला व्हता, अन् मिया आपले लिंपून राहिले व्हते.

हिंगोलीच्या डॉक्टरानं दुसऱ्या दिवशी त्याच पायात सुई टोचली अन् इचारलं, "दुखलं?"

"काय?" मिया म्हणले.

त्यानंतर डॉक्टर मियाशी बोललाच न्हाई. नजमुन्निसाशी बोलला. हुशार माणूस व्हता. नजमुन्निसा मियाची बायको, चाळीस वर्साचा संसार, अन् डोळा असा की दुधात पाणी किती ते भांडं न उघडता सांगंल. डॉक्टर म्हणला, "शुगर साडेतीनशे हाये. पायाच्या नसा मेल्यात म्हणून कळलं न्हाई. गोळ्या देतो, पट्टी रोज बदला, पण सकाळी उपाशीपोटी शुगर दीडशेच्या आत आली पाहिजे. पंधरा दिवसांत. आली तर जखम भरायला लागंल. न्हाई आली तर आंगठा काढावा लागंल, न्हाईतर पायावर जाईल."

नजमुन्निसानं मान हलवली. रडली-बिडली न्हाई. आंगठा म्हंजे काय ते तिला म्हाईत व्हतं. भरली देग कलती करायची तर डावा पाय आडवा रोवून सगळा भार आंगठ्यावर घ्यावा लागतो. आंगठा गेला की मिया खुर्चीत बसून दुसऱ्याच्या देगीला नावं ठेवणारा म्हातारा झाला. तसले तीन म्हातारे गल्लीत आधीच व्हते अन् तिघांचंबी कोणी ऐकत नव्हतं.

"चावल बंद," डॉक्टर म्हणला.

आता दुसऱ्या कोणाला भात सोड म्हणणं अन् खाजा मियाला म्हणणं यात फरक हाये. मिया बावर्ची. हिंगोलीपासून औंढ्यापर्यंत कोणाच्या घरी लग्न निघालं की आधी मियाची तारीख बघायचे, मग काजीची. त्यांची सकाळ खिचडी अन् चिंचेच्या खट्ट्यानं व्हायची, दुपार भातानं, अन् लग्नाच्या दिवसात तर भाताच्या वाफेनंच त्यांचं पोट अर्धं भरायचं. भाकर सोडा म्हणलं असतं तर त्यांनी हसत सोडली असती.

पहिल्या दिवशी नजमुन्निसानं ज्वारीची भाकर अन् मेथी वाढली. मियानं ताटाकडं असं बघितलं जसं कोणाच्या मयताला आले.

"भात?"

"बंद हाये."

"जराक?"

"जराक आंगठा काढू का मग? नखापुरता?"

मियानं भाकर खाल्ली, पण दोन दिवस घरात कोणाशी सरळ बोलले न्हाईत. तिसऱ्या दिवशी सून शबनम मोबाईल घेऊन आली. "अम्मी, हे बघा. फूलगोबी खिसायची अन् त्याचा भात करायचा. शुगरवाले खातात. मोठ्या शहरात तर पाकिटात मिळतो तयार."

नजमुन्निसानं तो व्हिडिओ दोनदा बघितला. बाईचं स्वयंपाकघर आरशासारखं लखलखत व्हतं अन् हाताला एक डाग न्हाई. "ही घरी जेवत असंल का?" नजमुन्निसा म्हणली. पण रंग भाताचाच दिसत व्हता. तिनं नांदेडला फोन लावला. शबनमचा नवरा अदनान तिथं मोबाईलच्या दुकानात कामाला, शनिवारी घरी येतो. त्याला सांगितलं, येताना पाकीट आण.

अदनाननं आणलं. पण ते बर्फात गोठवलेलं पाकीट असतं हे कोणाला ठाऊक? त्यानं ते नांदेडच्या मोठ्या दुकानातून घेतलं, कापडी पिशवीत टाकलं अन् एसटीत मांडीवर घेऊन बसला. अर्धापूर यायच्या आत पाकीट गळायला लागलं. शेजारचा पावणा पांढऱ्या धोतरात व्हता. कळमनुरी येईपर्यंत अदनाननं शिव्या खाल्ल्या, अन् वर मांडीबी भिजली. घरी पिशवी उघडली तर आत पाणी अन् पाण्यात पांढरा चुरा.

"येवढ्या पैशात तर मंजुळाबाई अर्धी पाटी देईल," नजमुन्निसा म्हणली. तरी शिजवलं. मियानं एक घास तोंडात घेतला, चावला न्हाई, तसाच धरून बसले, मग गिळला.

"भिताडाचा चुना खरवडून शिजवला का?"

"खा गुमान."

"खातो. पण त्याला भात म्हणू नको. भाताची बेइज्जती हाये."

दुसऱ्या दिवशी नजमुन्निसा बाजारात गेली. मंजुळाबाई नरसीहून रोज सकाळी गोबी घेऊन यायची, घरच्या वावरातली. तिच्याकडून नजमुन्निसा पंधरा वर्सापासून भाजी घेत व्हती, अन् दोघींचं बोलणं भाजीपेक्षा जास्त व्हायचं.

"भाभी, येवढी गोबी? पावणे हायेत का?"

"भात करायचाय हिचा."

मंजुळाबाईनं तराजू खाली ठेवला. "कशाचा?"

"गोबीचा. मियाला शुगर हाये, चावल बंद झाला."

"बरं झालं सांगितलं," मंजुळाबाई म्हणली. "आता घरी जाते अन् आमच्या बैलाला सांगते, आजपासून गहू समजून कडबा खा."

"हसा बाई, हसा. आंगठा जाऊन राहिला माणसाचा."

मंजुळाबाईचं हसू गेलं. तिनं पाटीतल्या गोब्या वरखाली केल्या अन् खालून दोन काढल्या, घट्ट, जड, पानं करकर वाजणाऱ्या. "ह्या घे. सैल गोबीत नुसतं पाणी असतं."

घरी आल्यावर नजमुन्निसा खिसणी घेऊन बसली, तर मियानं तिच्या हातातून खिसणी काढून घेतली.

"भात तू करू नको. भात मी करतो. चाळीस वर्स झाली मला चावलात, मला कोणी मोबाईल बघून शिकवायचं न्हाई."

नजमुन्निसा बाजूला झाली. शबनम दारात उभी राह्यली. मिया कामाला लागले की बघण्यासारखं असायचं. त्यांनी गोबी खिसली, एकसारखी, तांदळाएवढी. पातेल्यात पाणी उकळलं. शहाजिरं, लवंग, तमालपत्र. मीठ मुठीनं, नजरेनं न्हाई. त्यांचा नियम व्हता, चावलाचं पाणी डोळ्यातल्या पाण्याएवढं खारं पाहिजे. मग गोबी पाण्यात सोडली.

चावलाची रीत अशी असते. उकळत्या पाण्यातून एक दाणा काढायचा, बोटात चेपायचा. मधी बारीक कच्चं टोक राहतं, त्याला कणी म्हणतात. एक कणी राह्यली की चावल उपसायचा, मसाल्यावर पसरायचा, झाकण कणकेनं लिंपून दम द्यायचा. कणीवरच सगळा खेळ. मिया डोळे मिटून कणी सांगायचे.

मियानं गोबीचा दाणा काढला, बोटात चेपला. कणी न्हाई. थांबले. परत काढला. न्हाई. परत थांबले. अरे, गोबीला कणी यायची कुठून? ती आधी सगळी कच्ची, मग सगळी गाळ. मधलं कायबी नसतं. पण मिया कणीची वाट बघत राह्यले. मग अंदाजानं उपसली, वर तळलेल्या कांद्याचा बिरिस्ता टाकला, कणकेनं झाकण लिंपलं अन् वीस मिनिटं दम दिला.

कणीक फोडली. झाकण काढलं. घरात असा वास सुटला की शेजारची बकरी ओरडली. आत लापशी व्हती. पांढरी, पातळ, वर कांद्याचे तुकडे मेल्या माश्यांवानी तरंगत व्हते.

शबनमनं ओढणी तोंडात कोंबली. नजमुन्निसा हसली न्हाई. तिनं मियाचं तोंड बघितलं. चाळीस वर्सात त्यांच्या हातून एकबी देग बिघडली नव्हती. पावसात न्हाई, ओल्या लाकडावर न्हाई, चुलीपाशी दोन पार्ट्या काठ्या घेऊन भांडल्या तवाबी न्हाई. मिया उठले, एका पायात चपल, दुसऱ्याला पट्टी, अन् तसेच बाहेर गेले.

पण माणूस जिद्दीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नजमुन्निसाच्या आधी तेच बाजारात.

"काय मिया," मंजुळाबाई म्हणली, "देग बिघडली म्हणं काल."

"कोण म्हणलं?"

"तोंडच सांगून राहिलं तुमचं."

मियानं गोबी हातात घेतली, दाबली, वास घेतला, एक तुरा मोडून दातात धरला. बराच वेळ. मग म्हणले, "मंजुळाबाई, चावल पाणी मागतो. ही बया पाणी सोडते. मी उलटाच चाललो व्हतो."

"येवढं कळायला गोबी चावावी लागली? मला इचारलं असतं."

त्या दिवशी मियानं खिसलेली गोबी पातळ फडक्यावर पसरून अंगणात उन्हाला ठेवली. कावळे हाकलायला शबनम. तासाभरानं फडकं पिळलं, वाटीभर पाणी निघालं. मग लोखंडी कढई चांगली तापवली, चमचाभर तेल, शहाजिरं, हिरवी मिरची, अन् गोबी. झाकण न्हाई. पाणी न्हाई. आच मोठी. अन् मीठ सगळ्यात शेवटी, न्हाईतर ती परत रडायला लागती. चार मिनिटांत उतरवली.

दाणा दाणा सुटा. नजमुन्निसानं घास घेतला. भात नव्हता तो. पण खट्ट्यासंगं बराबर लागत व्हता.

"कसंय?" मियानं इचारलं.

"बरंय."

"नुसतं बरंय?"

"चाळीस वर्सात तुमी माझ्या सालनाला बरंय तरी म्हणले का?"

तिथून पुढं घरात रोज गोबी. सकाळी गोबीची खिचडी, दुपारी गोबीचा पुलाव. मियाला त्याच्यात मजा यायला लागली. कधी मुगाची डाळ घालून बघायचे, कधी शेंगदाणे. शबनम म्हणायची माझ्या स्वप्नात कावळे येऊन राहिले.

नजमुन्निसा पहिल्या दिवसापासून रोज सकाळी मशिनवर मियाचं बोट टोचायची अन् भिंतीवरच्या कॅलेंडरावर आकडा लिहायची. तीनशे अठरा. दोनशे नव्वद. दोनशे सेहेचाळीस. दोनशे एकवीस. तिला वाटलं, आता उतरली. पाचव्या दिवशी तीनशे पाच.

ती आकड्याकडं बघत राह्यली. मग परत उतार. दोनशे चाळीस, दोनशे दहा, एकशे पंच्याण्णव. अन् नवव्या दिवशी तीनशे अकरा.

मशीन खराब असंल म्हणून तिनं सेल बदलला. स्वतःचं बोट टोचलं, अठ्ठ्याण्णव. शबनमचं टोचलं, ब्याण्णव. मशीन बराबर. तिनं मियाच्या गोळ्या मोजल्या, बराबर. उशीखाली बघितलं, कुर्त्याचे खिसे बघितले, मिठाई कुठंच न्हाई. मग कॅलेंडरासमोर उभी राह्यली. आकडा चढला त्याच्या आदल्या दिवशी दोन्ही वेळा मिया कामाला गेले व्हते. एकदा कळमनुरीला, एकदा नरसीला. पण जाताना डबा घरचाच दिला व्हता अन् तो रिकामाच परत आला व्हता. तिनं मियाला इचारलं.

"तिथं खाल्लं का काही?"

"तुझ्या डब्याशिवाय घास न्हाई. कसम घे."

मिया खोटं बोलत न्हाईत हे तिला म्हाईत व्हतं. म्हणून तर तिचं डोकं फिरून राहिलं व्हतं.

कोडं मंजुळाबाईनं सोडवलं, तेबी न कळत. अकराव्या दिवशी गोबी मोजता मोजता म्हणली, "भाभी, तुमच्या मियाची काय तारीफ करावी. आमच्या शेजाऱ्याकडं नरसीत लग्नाचा वलिमा व्हता ना, आमाला बी बोलावणं व्हतं, आमच्यासाठी शाकाहारी देग वेगळी केल्ती. मी बघत व्हते. माणूस किती जिवापाड काम करतो! हरेक देगीतनं मूठभर काढून बघणार, परत थोड्या वेळानं काढून बघणार. अन् सगळे जेवून गेल्यावर हाच गडी रिकाम्या देगीत वाकून तळाला चिकटलेली खुरचन खरवडून खाऊन राहिला. म्हणलं, काय साधा माणूस. पंगतीत बसला न्हाई, तळाचं खाल्लं."

नजमुन्निसानं गोबी तिथंच ठेवली अन् घरी आली. चपलासुद्धा काढल्या न्हाईत.

"तुमी म्हणले व्हते घास न्हाई खाल्ला."

"न्हाई खाल्ला."

"नरसीत देगीतनं मुठी भरून काय करत व्हते मग?"

मियाला खरंच समजलं न्हाई. "ते तर चाखणं झालं."

"चाखणं?"

"चाखणं म्हंजे खाणं न्हाई. अगे अदनानच्या माँ, रोज्यात बी बावर्चीला मीठ चाखायची सवलत हाये. रोजा तुटत न्हाई. मग शुगर काहून चढंल?"

"रोज्यात जिभेच्या टोकावर ठेवता अन् थुकता. नरसीत थुकले व्हते का?"

"देगीजवळ थुकू? अन्नाच्या तोंडावर?"

"अन् खुरचन?"

"खुरचन देगीची असते. बावर्चीचा हक हाये तो. ते कोणी जेवण म्हणतं का?"

नजमुन्निसानं खरा तांदूळ शिजवला, पातेलंभर. मियासमोर पातेलं ठेवलं अन् एक रिकामं ताट. "दाखवा. कशी कशी चाखता ते. तोंडात न्हाई, ताटात टाका."

मियाला आधी हसू आलं. मग त्यांनी सुरू केलं. ही दोन कणीची. एक मूठ ताटात. ही एक कणीची. ही मसाल्याची, भातासंगं. ही दम उघडल्यावरची, ती जराशी मोठी असते, कारण वरचा अन् खालचा दोन्ही भात बघावा लागतो. शबनम मोजत व्हती. देगी चार, म्हणून सगळं चारदा. मग घरधनी पहिली बशी आणतो ती. या भागात रीतच हाये, बावर्चीनं पहिला घास खाल्ल्याशिवाय दस्तरखान मांडत न्हाईत. मग खुरचन. मियाचा हात चालत राह्यला, चालत राह्यला, अन् मधीच थांबला.

ताटात ढीग झाला व्हता. टोकदार.

"येवढ्यात मी दोनदा जेवते," शबनम म्हणली.

मिया ढिगाकडं बघत बसले. मग हळूच म्हणले, "पण हे चाखणं व्हतं."

"आंगठ्याला सांगा," नजमुन्निसा म्हणली.

चार दिवस राह्यले व्हते, अन् मधी पुसेगावचं लग्न. दुपारची पंगत, चार देगी, चारशे माणूस. मियानं महिन्यापूर्वी जबान दिली व्हती, मागं घेणं शक्य नव्हतं. चाखल्याशिवाय देग चढवणं त्याहून शक्य नव्हतं.

"कणी बोटानं कळती," नजमुन्निसा म्हणली. "तोंडाचं काय काम?"

"कणी कळती. मीठ बोटानं कळत न्हाई."

"मुबश्शीर चाखंल."

"मुबश्शीर?" मिया उसळले. "गुटख्यानं जीभ मेली त्याची. त्याला मीठ अन् राख सारखीच लागते."

मुबश्शीर दारातच उभा व्हता. "मामू, मी इथंच हाये."

"म्हणून तर बोललो."

नजमुन्निसानं पदर खोचला. "मग मी येते."

लग्नाच्या देगीजवळ बाई न्हाई, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ व्हतं. मिया म्हणले, "लोक काय म्हणतील? खाजा मियाला बायको लागते आता?"

"आंगठा गेल्यावर जे म्हणतील त्याच्यापेक्षा कमीच म्हणतील."

पुसेगावला सकाळी सहालाच चुली पेटल्या. टेम्पोत देगींच्या मधी नजमुन्निसा बसून आली व्हती, मांडीवर गोबीचा डबा. मांडवातल्या बायका येऊन बघून गेल्या. एकीनं इचारलंबी, "आपा, तुमी आत चला ना, बायकात बसा." नजमुन्निसा म्हणली, "मी कामावर हाये." बाई परत गेली ती दहा जणींना सांगायला.

मियाचं तोंड सकाळपासून आंबलेलं. काही बोलायचं असलं की मुबश्शीरला सांगायचे, जवळ बसलेल्या बायकोला न्हाई. पहिल्या देगीचं पाणी उकळलं. मियानं मीठ टाकलं, त्यांच्या मुठीनं. मोठ्या पळीत पाणी घेऊन नजमुन्निसासमोर धरलं. तिनं तळहातावर थेंब घेतले, फुंकले, जीभ लावली.

"कमी हाये."

मियानं भुवई वर केली. "माझी मूठ हाये ती. चाळीस वर्स झाली, कमी पडली न्हाई."

"मूठ असंल. मीठ कमी हाये."

"डोळ्यातल्या पाण्याएवढं खारं पाहिजे. तुला तरी म्हाईत हाये का ते?"

"तुमच्या घरात चाळीस वर्स काढली," नजमुन्निसा म्हणली. "मला न्हाई म्हाईत तर कोणाला?"

मुबश्शीर असा हसला की तोंडातला गुटखा शर्टावर. मिया हसले न्हाईत. चारशे माणूस, देग एकदा चढली की मीठ वरून टाकता येत न्हाई. कमी पडलं तर भात फिक्का, जास्त झालं तर खाजा मिया संपला. त्यांनी पळी परत पाण्यात बुडवली. वर काढली. थंड व्हायला धरली. मग हळूहळू स्वतःच्या ओठाकडं न्यायला लागले.

नजमुन्निसानं हात धरला न्हाई, ओरडली न्हाई. तिनं फक्त खाली बघितलं. पट्टीकडं. पहाटे निघताना घातलेली पांढरी पट्टी आता चुलीच्या राखेनं करडी झाली व्हती.

पळी ओठापाशी थांबली. पाणी टपटप गळत व्हतं. मुबश्शीर बी खाली बघायला लागला. मियानं पळी देगीत उलटी केली. मिठाच्या डब्यात हात घातला, अर्धी मूठ काढली, बायकोकडं बघितलं.

"येवढं?"

"जराक अजून."

त्यांनी जराक अजून टाकलं.

पुढच्या तिन्ही देगींना मियानं वाद घातलाच न्हाई, सरळ पळी तिच्यासमोर धरली. कणी मात्र बोटानं, डोळे मिटून, अन् बोट लुंगीला पुसून. दम उघडले. भात लांब, सुटा, वाफ मांडवाच्या पत्र्यापर्यंत. नवरीचा बाप बशी घेऊन आला, हातात रुमाल, तोंडावर घाम.

"मिया, पहिला घास."

मियानं बशी घेतली. वास घेतला, लांब. मग बशी बायकोला दिली.

नवरीच्या बापाला काही कळेना. "भाभी खाणार?"

"आज तीच बावर्ची हाये," मिया म्हणले. आवाज असा की कोणी पुढं इचारायची हिंमत करू नये.

नजमुन्निसानं घास घेतला. तीन माणसं तिच्या जबड्याकडं बघून राहिली व्हती. तिनं गिळला, तोंड पुसलं. "बराबर हाये. मांडा दस्तरखान."

चारशे माणूस जेवलं. कोणी परत मीठ मागितलं न्हाई, कोणी पाणी जास्त मागितलं न्हाई. मिया उलट्या घमेल्यावर बसून डब्यातली गोबी खात व्हते. शेवटी देगी रिकाम्या झाल्या, तळाला खुरचन राह्यली, लालसर, कुरकुरीत. मुबश्शीरनं मामूकडं बघितलं. मिया उठले, लंगडत मांडवामागं गेले अन् देगी घासून व्हईपर्यंत आले न्हाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा एकशे त्रेसष्ट. पंधराव्या दिवशी एकशे बेचाळीस. डॉक्टरानं पट्टी सोडली, जखमेची कड दाबून बघितली. कडेला लाल झाक आली व्हती. "राहू द्या आंगठा," तो म्हणला. "महिन्यानं परत बघू. हेच खाणं चालू ठेवा."

"अन् चाखणं?" नजमुन्निसानं इचारलं.

"चाखणं म्हंजे?"

"काही न्हाई," मिया म्हणले.

दोघं रिक्षात बसले. बाजार गेला. गावाकडं निघालेल्या मंजुळाबाईनं रिकामी पाटी डोक्यावरून हलवून हात केला, नजमुन्निसानं बी केला. मग मिया म्हणले, "खरं सांग. पुसेगावात मीठ खरंच कमी व्हतं का?"

नजमुन्निसानं त्यांच्याकडं बघितलं. हिंगोलीपासून औंढ्यापर्यंत याच एका माणसाला त्या दिवशीच्या भाताची चव म्हाईत नव्हती, अन् आता कधी व्हणारबी नव्हती.

"चारशे माणसं जेवली," ती म्हणली. "त्यांना इचारा."

"तुला इचारून राहिलो."

"घरी गोबी खिसायची हाये," नजमुन्निसा म्हणली. "अन् आज कावळे तुमी हाकला. शबनमला कंटाळा आलाय."